धिम्या काट्याचा भाव

वय वाढलं की तिकीट स्वस्त होतं, ही आपल्याकडची जुनी सरकारी रीत. महाराष्ट्राच्या एसटीत पासष्टी गाठलेल्याला अर्धं तिकीट, आणि २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्याला तेवढंही नाही. त्यामुळे गोंदियाच्या स्टँडवर एक नवल घडलं. जन्मभर वय दोन-चार वर्षांनी कमी सांगत आलेली मंडळी आधार कार्ड फडकवत वय वाढवून मागू लागली. सवलत मात्र राज्याच्या हद्दीपुरती. गाडी बालाघाटच्या दिशेने निघाली की सीमेवर माणूस आपोआप तरुण होतो आणि पुढच्या टप्प्याचे पूर्ण पैसे मोजतो. पलीकडे मध्य प्रदेशाने आपलं परिवहन महामंडळ गुंडाळायचा निर्णय २००५ मध्येच घेतलेला. खासगी गाडीचा कंडक्टर म्हाताऱ्या माणसाला फार तर खिडकीची जागा देतो, तीही दुसऱ्याची. रेल्वे साठीच्या पुरुषांना ४० टक्के आणि अठ्ठावन्नच्या बायकांना ५० टक्के सूट देत असे. ती २० मार्च २०२० ला कोरोनापायी थांबली. कोरोना गेला, सूट परत आली नाही. तरीही म्हाताऱ्यांकडून तरुणांपेक्षा जास्त घ्यावं, असं कुठल्या तिकीटबाबूच्या मनात कधी आलं नाही.

ते दोघांच्या मनात आलं. एक आरोग्य विमा, दुसरं मोबाइलमधलं गोल्फ. विम्याचं कारण तरी समजतं.

लालबर्रा हे बालाघाट जिल्ह्यातलं तहसिलीचं गाव, बालाघाटहून सिवनीला जाणाऱ्या रस्त्यावरचं. मराठी, हिंदी आणि पोवारी इथे एकाच वाक्यात सुखाने नांदतात. भोवती धानाच्या बांध्या. गोल्फवाले ज्याला पाण्याचा अडथळा म्हणतात, तो रोवणीच्या दिवसांत इथे नजर जाईल तिथवर पसरलेला असतो. नाही ते फक्त मैदान. खरं मैदान पाहायचं तर जबलपूर नाहीतर नागपूर गाठावं लागतं, आणि पाहून आलेल्या माणसाला घरच्यांना पटवून देणं अवघड जातं, की एवढं हिरवंगार गवत आहे आणि त्यावर एकही म्हैस नाही.

तरी गोल्फ लालबर्ऱ्यात पोचलं. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि जे लोक मिस्ड कॉल देऊन संसार चालवत होते ते दुपारभर व्हिडिओ पाहू लागले. मग आलं २०२१ चं टोकियो ऑलिंपिक. ७ ऑगस्टच्या पहाटे अदिती अशोक शेवटच्या फेरीत पदकाच्या अगदी जवळ खेळत होती. ज्यांनी जन्मात गोल्फची काठी धरली नव्हती अशी माणसं चहाचा कप हातात घेऊन ‘पट थोडा जोरात हवा होता’ असं, चेंडू होलकडे ढकलायच्या हलक्या फटक्याबद्दल, बोलू लागली. ती चौथी आली. संध्याकाळी नीरज चोप्राने भाल्यात सुवर्ण जिंकलं आणि देश गोल्फ विसरला. (पुण्याचा उदयन माने त्याच ऑलिंपिकमध्ये पुरुषांचं गोल्फ खेळला, हे तर देशाला आठवायचंच राहून गेलं.) पण देश विसरला तरी मोबाइल विसरत नाही. सकाळी एकदा ‘बर्डी म्हणजे काय’ असं शोधलेल्या माणसाला पुढे कितीतरी दिवस गोल्फच्या गेमची जाहिरात दिसत राहते.

या लेखाच्या सोयीसाठी लालबर्ऱ्यात एक निवृत्त गुरुजी कल्पावेत. गणित शिकवणारे. असे गुरुजी प्रत्येक तहसिलीत असतातच, तेव्हा कल्पनेला फार ताण पडत नाही. वय बहात्तर, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याची तारीख मिळायची आहे. नातवाने नवा फोन घेतला म्हणून जुना यांच्याकडे आलेला. गुरुजींनी गोल्फ निवडलं ते एकाच गुणावर: जाहिरातीत ‘फुकट’ लिहिलं होतं.

खेळात करायचं एवढंच असतं. पडद्यावर एक पट्टी येते, तिच्यावर एक काटा सरकतो. काटा मधल्या रेषेवर आला की बोट टेकवायचं. अचूक टेकलं तर चेंडू सरळ जातो. पापणी लवण्याइतका उशीर झाला तर चेंडू झाडीत, वाळूत किंवा प्रशांत महासागरात. महासागर हा अलंकार नव्हे. २००८ पासून चालत आलेल्या ‘वर्ल्ड गोल्फ टूर’ या खेळाने खऱ्या मैदानांची छायाचित्रं काढून त्यांवर खेळ बसवला. कॅलिफोर्नियाचं पेबल बीच, स्कॉटलंडचं सेंट अँड्र्यूज अशी जगातली नावाजलेली मैदानं त्यात आहेत. तेव्हा लालबर्ऱ्यातला माणूस खाटेवर आडवा होऊन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर चेंडू बुडवू शकतो. पिढ्यान् पिढ्या परदेशवारीची स्वप्नं पाहिलेल्या देशात ही छोटी गोष्ट नाही.

या खेळात काठ्या आणि चेंडू मिळतात तेही खऱ्या कंपन्यांच्या नावाने: कॅलावे, टेलरमेड, पिंग. प्रत्येक चेंडूच्या खाली त्याचे गुण लिहिलेले असतात. लांब किती जाईल, पडल्यावर किती फिरेल, वगैरे. आणि याच यादीत, महाग चेंडूंच्या गुणांत, एक गुण असा असतो की तो चेंडू वापरला तर काटा सावकाश सरकतो.

म्हणजे म्हातारपणी माणसाच्या अंगात जी गोष्ट आपोआप आणि फुकट येते, तीच इथे पैसे देऊन घ्यायची. विशीतल्या मुलाला काटा धावला काय आणि चालला काय, सारखंच. त्याचं बोट डोळ्याच्या आधी पोचतं. बहात्तरीच्या बोटाला आधी डोळ्याकडून निरोप यावा लागतो, तो मोतीबिंदूतून वाट काढत येतो, मग बोट एकदा थरथरतं, आणि मग टेकतं. ज्याला धिमा काटा हवाच आहे असं गिऱ्हाईक नेमकं म्हातारं, आणि धिमा काटा नेमका महाग पाकिटात. यात कुणी मुद्दाम कट रचला आहे असं नाही. ज्याची गरज जास्त त्याच्याकडून पैसे निघतात, हे दुकानदारीचं पहिलं सूत्र इथे नकळत म्हाताऱ्यांवर जाऊन बसलं आहे.

खरं गोल्फ या बाबतीत फार शहाणं, हे त्याच्या वैऱ्यानेही मान्य करावं. गोल्फ हा पैसेवाल्यांचा खेळ, त्यात वाद नाही. पण म्हाताऱ्यांना सांभाळून घेण्याची जी व्यवस्था त्यात आहे ती आपल्या ग्रामपंचायतीतही नाही. दंडाचा जोर कमी झाला की हलक्या आणि जास्त लवणाऱ्या दांडीची काठी मिळते. ती म्हाताऱ्यांसाठी म्हणूनच बनवतात आणि तिला तरुणांच्या काठीपेक्षा जादा दाम पडत नाही. लांब मारता येत नसेल तर चार पावलं पुढच्या खुणेवरून सुरुवात करावी. त्या पावलांचे पैसे कुणी मागत नाही. शिवाय हँडिकॅप नावाची सोय आहे. कच्च्या खेळाडूला पक्क्या खेळाडूच्या तुलनेत काही फटके माफ. २०२० पासून ही मोजणी जगभर एका पद्धतीने होते. लालबर्ऱ्याचा म्हातारा आणि लंडनचा तरुण एकाच मैदानावर उतरले तरी सामना रंगावा, एवढाच त्याचा हेतू.

आणि म्हातारा कधी कधी या सगळ्या सोयी नाकारूनही भारी पडतो. २००९ च्या ब्रिटिश ओपनला टर्नबेरीवर ५९ वर्षांचा टॉम वॉटसन शेवटच्या होलपर्यंत पुढे होता. सुमारे आठ फुटांचा एक पट पडला असता तर साठीच्या उंबरठ्यावरचा माणूस विजेता ठरला असता. पट चुकला, प्लेऑफमध्ये स्ट्युअर्ट सिंक जिंकला आणि सिंकच्या घरचे सोडून सगळं जग हळहळलं. वॉटसनची काठी वयामुळे महाग झाली होती, असं कुठेही नोंदलेलं नाही.

मोबाइलमध्ये हँडिकॅपची गाडी उलटी धावते. ‘वर्ल्ड गोल्फ टूर’मध्ये पायऱ्या आहेत: हॅक, अमॅच्युअर, प्रो, टूर प्रो, मास्टर, टूर मास्टर, लिजेंड, टूर लिजेंड, चॅम्पियन. चांगला खेळलात की वरची पायरी. वर गेलात की सुरुवातीची खूण मागे सरकते, हिरवळ जास्त निसरडी होते. इथपर्यंत ठीक, शाळेतही वरच्या वर्गाचं गणित अवघडच असतं. पण एकदा वर गेलेला माणूस पुन्हा खाली येत नाही. हात कापू लागले, डोळा अधू झाला, सहा महिने आजारी पडलात, तरी पायरी तीच. आपले गुरुजी मास्टर झाले त्या दिवशी त्यांना निवृत्तीनंतर पुन्हा नेमणूक झाल्याचा आनंद झाला. पुढच्याच आठवड्यात त्यांना कळलं की या नेमणुकीत पगार आपणच द्यायचा असतो. मागच्या खुणेवरून जुनी काठी पोचत नाही. नवी काठी घ्यावी लागते, आणि नव्या काठीला शोभेल असा चेंडू.

“आबाजी, कायले एवढं खेळले जी तुमी?” नातू म्हणाला. “लेव्हल वर गेली ना!”

उभ्या आयुष्यात कुणी त्यांना जास्त अभ्यास केल्याबद्दल रागावलं नव्हतं.

नव्या माणसाचे लाड मात्र विचारू नयेत. पहिल्याच दिवशी ‘स्वागत संच’: काठी, चेंडू, नाणी, सगळं मिळून किरकोळ किमतीत. फक्त आजच, फक्त तुमच्यासाठी. दहा वर्षं रोज खेळणाऱ्याला ही पाटी दिसत नाही, कारण तो जाणार कुठे? त्याच्या कपाटात दहा वर्षांच्या काठ्या आहेत. लालबर्ऱ्याच्या बाजारात जुन्या तांदळाला नव्यापेक्षा जास्त भाव मिळतो, कारण तो मोकळा शिजतो; बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तरी घरात जुना चिन्नोर आहे की नवा हे आधी विचारलं जातं. मोबाइलमध्ये जुना माल कवडीमोल होतो आणि जुनं गिऱ्हाईक महागतं. गेल्या वर्षी ज्या काठीला ‘सर्वोत्तम’ म्हटलं तिच्याहून चार यार्ड लांब मारणारी काठी यंदा येते. गुरुजींची काठी मोडलेली नाही, झिजलेली नाही, तिच्यात मोडण्याजोगं काही नव्हतंच; तरी ती म्हातारी झाली.

चेंडूच्या किमतीवरून गोल्फमध्ये भांडणं होणं काही नवं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्कॉटलंडमध्ये चेंडू म्हणजे चामड्याची पिशवी, तिच्यात हॅटभर पिसं शिजवून ठासलेली. चांगला कारागीर दिवसभरात तीन-चार चेंडू कसेबसे पुरे करी, आणि तो चेंडू भिजला की संपला. म्हणजे खेळ परवडे तो जमीनदारालाच. १८४८ च्या सुमाराला मलायातल्या झाडांच्या चिकाचा, गट्टापर्चाचा चेंडू आला. स्वस्त, टिकाऊ, आणि ठोकर लागून वेडावाकडा झालाच तर गरम पाण्यात मऊ करून पुन्हा गोल करता येई. सेंट अँड्र्यूजचा ॲलन रॉबर्टसन हा त्या काळचा नामवंत खेळाडू, आणि धंद्याने पिसांचे चेंडू बनवणारा. त्याला हा स्वस्ताईचा चेंडू म्हणजे पोटावर पाय वाटला. त्याचा साहाय्यक टॉम मॉरिस तो चेंडू खेळताना सापडला तेव्हा दोघांचं बिनसलं, आणि १८५१ मध्ये मॉरिस प्रेस्टविकला निघून गेला. हाच पुढे ‘ओल्ड टॉम’ म्हणून गोल्फच्या इतिहासात अमर झाला. रॉबर्टसनचा राग अनाठायी असेल, पण त्याला एवढं तरी म्हणता येत होतं की माझा चेंडू महाग आहे कारण मला पिसं ठासावी लागतात.

मोबाइलमधल्या चेंडूत पिसं नाहीत, चीक नाही, रबर नाही. गोल्फच्या नियमाप्रमाणे चेंडू ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड नसावा. हा नियम तो तंतोतंत पाळतो. खरा चेंडू तळ्यात पडला तर निदान एखादा पोऱ्या बुडी मारून काढतो आणि पुसून अर्ध्या किमतीत विकतो; परदेशात तर तळ्यातून चेंडू काढून विकणं हा रीतसर धंदा आहे. मोबाइलच्या तळ्याला तळ नाही. तिथे पडलेला चेंडू हिशेबातून वजा होतो, आणि कुठल्याही पोऱ्याचं पोट भरत नाही.

आता मुख्य गोष्ट, किमतीची. रुपयांत किंमत सांगितली तर माणूस विचार करतो, म्हणून मध्ये नाणी, हिरे, क्रेडिट असं काहीतरी असतं. समजा, ८० नाण्यांची थैली ८९ रुपयांना आहे. धिम्या काट्याच्या तीन चेंडूंचं पाकीट ९५ नाण्यांना. (आकडे उदाहरणाचे आहेत, रचना मात्र कुठल्याही दुकानात अशीच दिसेल.) एक थैली घेतली तर १५ नाणी कमी पडतात. दोन घेतल्या तर ६५ उरतात, त्यांत काही येत नाही. ती फुकट जाऊ नयेत म्हणून तिसरी घ्यावी, तर चेंडू घेऊन ५० उरतात. गुरुजींनी हे ओळखलं आणि पाठकोऱ्या कागदावर लसावि काढला. ८० आणि ९५ चा लसावि १५२०. म्हणजे १९ थैल्या घेऊन १६ पाकिटं घेतली तरच शेवटी शून्य नाणी उरतात. १९ थैल्यांचे १६९१ रुपये, चेंडू ४८, म्हणजे एक चेंडू ३५ रुपये २३ पैशांना. चाळीस वर्षं मुलं त्यांना विचारत आली होती की लसाविचा व्यवहारात उपयोग काय. उत्तर सापडलं तेव्हा विचारणारी मुलंच आजोबा व्हायला आली होती.

याच लालबर्ऱ्यात पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते, सर्व करांसहित. आत किती ग्रॅम, बनवलं कधी, बनवलं कुणी, तक्रार कुठे करायची, सगळं. अलीकडे तर एका ग्रॅमला किंवा एका नगाला किती पडले तेही छापावं लागतं. हा नियम मोबाइलच्या चेंडूला लावायचा म्हटलं तर प्रति ग्रॅम भाव काढताना शून्याने भागावं लागेल, आणि ते गुरुजींनी वर्गात कुणाला करू दिलेलं नाही. पण ‘एक चेंडू, ३५ रुपये २३ पैसे’ एवढं लिहायला काय हरकत आहे? युरोपीय संघाच्या ग्राहक संरक्षण यंत्रणांनी मार्च २०२५ मध्ये खेळांतल्या नाण्यांबद्दल हीच तत्त्वं मांडली: वस्तूची किंमत खऱ्या पैशांत दिसावी, आणि नको असलेली जादा नाणी गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारू नयेत. ब्रुसेल्सला जे सुचलं ते लालबर्ऱ्याच्या किराणा दुकानाला नेहमीच माहीत होतं. सुट्टे नसले तर दुकानदार चॉकलेट देतो हे खरं, पण ते निदान खाता येतं.

या धंद्यात पैसा किती आहे, याची कल्पना एका सौद्यावरून यावी. ‘गोल्फ क्लॅश’ हा खेळ २०१७ मध्ये इंग्लंडच्या प्लेडेमिक कंपनीने आणला. २०१८ मध्ये त्याला मोबाइल खेळासाठीचं बाफ्टा पारितोषिक मिळालं. त्यात काठ्यांचे पत्ते पेट्यांमधून मिळतात. पेटी उघडायला तास लागतात, घाई असेल तर हिरे मोजावेत. २०२१ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने ही कंपनी १.४ अब्ज डॉलरला विकत घेण्याचं जाहीर केलं, म्हणजे त्या वेळच्या दराने दहा हजार कोटी रुपयांहून अधिक. एवढ्या पैशांत किती खरी मैदानं झाली असती हा हिशेब नातवाने गुरुजींना करू दिला नाही; रात्र झाली होती.

इथे कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे, नाहीतर लेख एकतर्फी झाला असं गुरुजीच म्हणतील. चेंडू नसला तरी सर्व्हर असतो, तो वीज खातो. खऱ्या मैदानाचं आणि खऱ्या काठीचं नाव वापरायचं तर त्यांना मोबदला द्यावा लागतो. ॲपच्या दुकानाचे मालक मोठ्या कंपन्यांकडून विक्रीच्या ३० टक्क्यांपर्यंत कापून घेतात. आणि फुकट खेळणारे जे असंख्य लोक आहेत, ज्यांत कालपरवापर्यंत गुरुजीही होते, त्यांचा खर्च कुणीतरी उचलतंच. पैसे मोजणारे थोडे, न मोजणारे फार. थोड्यांवर सगळा डोलारा. त्या थोड्यांतल्या मोठ्या खर्चिकाला धंद्याच्या भाषेत ‘व्हेल’ म्हणतात, हा शब्द जुगाराच्या अड्ड्यांवरून आलेला. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला कुणी देवमासा म्हणत असेल तर त्याने एकदा पासबुक पाहावं.

सगळं मान्य. पण धिमा काटा बनवायला खर्च किती येतो? काही नाही. वेगाचा एक आकडा बदलायचा. दुसऱ्या खेळांनी तो फुकट दिला आहे. २०१८ च्या ‘सेलेस्ट’ या डोंगर चढण्याच्या खेळात मदतीची सोय आहे. ज्याला जमत नाही त्याने खेळाचा वेग कमी करून घ्यावा, कुणी पैसे मागत नाही. २०२० च्या ‘द लास्ट ऑफ अस’च्या दुसऱ्या भागात कमी दिसणाऱ्यांसाठी, कमी ऐकू येणाऱ्यांसाठी, हात नीट न चालणाऱ्यांसाठी साठाहून अधिक सोयी होत्या, सगळ्या मूळ किमतीत. जिना चढता येत नसेल त्याला उतरण बांधून द्यावी आणि उतरणीचं तिकीट लावू नये, एवढंच ते.

यावर एक चांगला आक्षेप आहे. गोल्फचा सामना दोघांत असतो. म्हाताऱ्याला धिमा काटा फुकट दिला तर समोरचा पोरगा म्हणेल, मलाही द्या. आणि वय सांगायचं म्हटलं तर एका रात्रीत सगळे खेळाडू पंचाहत्तरीचे होतील. एसटीने निदान आधार कार्ड तरी पाहिलं. पण याचं उत्तर गोल्फने केव्हाच देऊन ठेवलं आहे. पुढच्या खुणेवरून कोण खेळतो ते सगळ्यांना दिसतं, हँडिकॅप किती ते कागदावर लिहिलेलं असतं. धिमा काटा घेणाऱ्याच्या नावापुढे तसं लिहा, धिम्यांचा सामना धिम्यांशी लावा, किंवा दोन फटक्यांचा फरक ठेवा. आज काय होतं? पोरगा ३५ रुपये टाकून धिमा काटा घेतो, गुरुजी फुकटच्या चेंडूने धावत्या काट्यामागे लागतात, आणि याला बरोबरीचा सामना म्हणतात.

सरकार काही करत नाही असं म्हणवत नाही. ३० नोव्हेंबर २०२३ ला ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन फसवाफसवीचे तेरा प्रकार यादी करून जाहीर केले आणि त्यांवर बंदी घातली. त्यात खोटी घाई आहे, किंमत हप्त्याहप्त्याने उघड करणं आहे, नको म्हणणाऱ्याला लाजवणं आहे, सारखी भुणभुण आहे. यादी वाचताना गुरुजींना अनेक नातेवाईक आठवले. ऑगस्ट २०२५ मध्ये तर संसदेने पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवरच बंदीचा कायदा केला, आणि ड्रीम इलेव्हनचं नाव भारतीय क्रिकेट संघाच्या शर्टावरून उतरलं. पण गुरुजींच्या खेळात पैसे जिंकायची सोयच नाही, फक्त घालवायची आहे, त्यामुळे त्या कायद्याला तिथे काही काम नाही.

घेतलेला चेंडू तरी आपला असतो का, हाही प्रश्नच. युबिसॉफ्टने ‘द क्रू’ हा मोटारींचा खेळ ३१ मार्च २०२४ ला बंद केला तेव्हा ज्यांनी तो पैसे देऊन घेतला होता त्यांच्याही गाड्या एका रात्रीत नाहीशा झाल्या. त्यावर युरोपात सह्यांची मोहीम झाली, सह्या दहा लाखांवर गेल्या. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून दुकानाला स्पष्ट सांगावं लागतं की तुम्ही वस्तू घेत नाही, वापरायचा परवाना घेता. बहात्तरीच्या माणसाला या बातमीने फारसा धक्का बसत नाही. आपल्या मागे काठ्या कुणाला जातील याची वाटणी करायची एक कटकट वाचली.

तरी गुरुजींनी तक्रार करायचं ठरवलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, म्हणजे बालाघाटला, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. गुरुजींची खरेदी दोन थैल्यांची, १७८ रुपयांची, त्यामुळे मर्यादेत पुष्कळ जागा शिल्लक होती. कागद घेतला, समास आखला, विषय लिहिला: ‘संथ काट्याच्या चेंडूची अवाजवी किंमत घेतल्याबाबत’.

“पण आबाजी, माल दाखवा लागते ना जी,” नातू म्हणाला. “चेंडू कुठी हाये?”

“पेबल बीचच्या अठराव्या होलला. डाव्या हाताला.”

“म्हणजे समुद्रात.”

“तर मग त्याचा फोटो काढ.”

नातवाने स्क्रीनशॉट काढला. त्यात निळं पाणी आलं, आणि पाण्यावर मोठ्या अक्षरांत चेंडूंच्या पाकिटावरची सवलत, चौदा मिनिटांत संपणारी. गुरुजींनी चष्मा पुसून ते नीट वाचलं, तेरा प्रकारांच्या यादीत खोट्या घाईपुढे बरोबरची खूण केली आणि स्क्रीनशॉटला जोडपत्र क्रमांक एक म्हणून नोंदवून टाकलं. जोडपत्र क्रमांक दोन, लसाविचा कागद, तयारच होता.